सीडी ट्रान्सपोर्ट निवडताना आधी यंत्रणा बघा, मग नाव

प्रश्न थोडक्यात असा आहे: घोडबंदर रोडला फ्लॅट, घरात चांगला अॅम्प्लिफायर आणि वेगळा डॅक (डिजिटल आकड्यांचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र) आहे. तीनेकशे सीडी आहेत. त्यातल्या निम्म्या शास्त्रीय मैफलींच्या, बाकी भावगीतं आणि नाट्यसंगीत, शिवाय काही घरी बर्न केलेल्या. जुना प्लेअर हल्ली डिस्क ओळखतच नाही. चाळीस हजारांच्या आत नवा ट्रान्सपोर्ट (फक्त डिस्क वाचून आकडे डॅकला देणारं यंत्र) घ्यावा, वापरलेला सीडी प्लेअर घ्यावा, की पडून असलेला डीव्हीडी प्लेअरच डॅकला जोडावा?

उत्तर आधी देतो, कारणं मागून. सध्या बाजारात असलेला, कोएक्शियल डिजिटल आउटपुट असलेला साधा सीडी प्लेअर घ्या आणि तो ट्रान्सपोर्ट म्हणून वापरा. खास ट्रान्सपोर्ट बिलासह आणि चांगल्या अवस्थेत वापरलेला मिळाला तर तोही उत्तम. डीव्हीडी प्लेअर तेवढ्यापुरता चालेल, पण मैफलींच्या सीडींसाठी तो कायमचा उपाय नाही. आणि या सगळ्याच्या आधी जुना प्लेअर एकदा उघडून बघा.

ट्रान्सपोर्टचं काम मर्यादित आहे. ७८० नॅनोमीटरचा लेसर डिस्कवरचे खड्डे वाचतो, सर्किट त्यातल्या चुका दुरुस्त करतं आणि १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा प्रवाह डॅककडे जातो. ही दुरुस्तीची व्यवस्था मूळ मानकातच आहे आणि ती फार भक्कम आहे: ट्रॅकच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग खंड ती पूर्ण भरून काढते, एकही बिट न बदलता. त्यापलीकडे प्लेअर शेजारच्या नमुन्यांवरून अंदाज बांधतो आणि तेही जमलं नाही तर आवाज तुटतो किंवा बंद होतो. म्हणजे स्वच्छ डिस्क आणि धड लेसर असेल तर दहा हजारांचं यंत्र आणि लाखाचं यंत्र डॅकला तेच आकडे देतात. उरतो जिटर, म्हणजे ते आकडे पोहोचण्याच्या वेळेतली बारीक थरथर. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक चांगल्या डॅकमध्ये ती निवळण्याची सोय असते. म्हणून ‘या ट्रान्सपोर्टचा बास जास्त खोल’ अशा वर्णनावर पैसे लावू नका. पैसे लावायचे ते खराब डिस्क किती चिकाटीने वाचते, यंत्रणा किती शांत चालते आणि पाच वर्षांनी लेसर गेला तर नवा मिळतो का, या तीन गोष्टींवर.

खरेदीआधी डॅकची मागची बाजू बघा. कोएक्शियल (एकच आरसीए सॉकेट, बहुधा नारिंगी किंवा काळं) किंवा ऑप्टिकल इनपुट हवं. हल्लीचे बरेच लहान डॅक फक्त यूएसबी घेतात. त्यातलं यूएसबी कॉम्प्युटर किंवा फोनसाठी असतं, सीडी ट्रान्सपोर्ट सहसा त्याला जोडता येत नाही. ट्रान्सपोर्ट घरी आणल्यावर हे कळणं फार महागात पडतं.

आता जुना प्लेअर. प्लग काढून दहा मिनिटं थांबा आणि वरचं झाकण उघडा. ट्रेच्या वर डिस्क दाबून धरणारा पूल असतो, तो दोन-तीन स्क्रूंनी सुटतो, की खाली लेसरची भिंग दिसते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ते ‘आयपीए’ नावाने असतं. औषधाच्या दुकानातलं बहुधा पाणी मिसळलेलं असतं, ते नको. कापसाच्या काडीवर एकच थेंब, आणि भिंगेवरून अगदी हलक्या हाताने एक-दोन गोल फेरे. भिंग बारीक तारांवर तरंगत असते, दाबली तर तारा वाकतात आणि मग काहीच करता येत नाही. ब्रश लावलेल्या क्लीनिंग डिस्क वापरू नका, फिरत्या डिस्कवरचा ब्रश भिंगेला फटका मारतो. घोडबंदरच्या पट्ट्यात चालू असलेली बांधकामं आणि अवजड वाहनांची धूळ बघता, ‘डिस्क नाही’ म्हणणारे बरेच प्लेअर एवढ्याने पुन्हा सुरू होतात.

भिंग साफ करूनही डिस्क वाचत नसेल तर लक्षणं नीट बघा. डिस्क फिरतच नाही आणि ट्रे अडखळत बंद होतो, तर बहुधा ट्रेचा रबरी बेल्ट सैल झालाय. बऱ्याच जुन्या यंत्रणांत तोच बेल्ट डिस्क पकडणारा भाग वर-खाली करतो. पकड अर्धीच बसली की डिस्क घसरते आणि दोष लेसरवर येतो. नवा बेल्ट घेताना दोन पुल्यांभोवती दोरा गुंडाळून लांबी मोजा आणि बेल्टचा आतला घेर त्यापेक्षा पाच ते दहा टक्के कमी घ्या. जुना बेल्ट उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवला तर थोडा आवळतो. निदान पक्कं करायला हे पुरतं, कायमचा इलाज म्हणून नाही. पहिली गाणी अडकतात पण पुढची नीट वाजतात, तर स्पिंडल मोटर (डिस्क फिरवणारी) बघा: डिस्क आतल्या कडेला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेर २०० च्या आसपास, म्हणून थकलेली मोटर सुरुवातीलाच हरते. उलट शेवटची गाणी अडकत असतील तर लेसर ज्या रुळांवर सरकतो तिथलं जुनं ग्रीस वाळून चिकट झालेलं असतं, किंवा डिस्कच वाकडी असते. रूळ आयपीएने पुसून प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस काडीच्या टोकाएवढं लावा. शिलाई मशीनचं तेल अजिबात नको, ते पसरतं आणि त्याचा थर भिंगेवर बसतो.

छापील सीडी वाजते पण बर्न केलेली नाही, तर लेसर थकत आलाय असं समजा. पिकअपवर (लेसर आणि भिंग बसवलेल्या भागावर) एक बारीक फिरवायचा स्क्रू दिसतो, तो लेसरची ताकद ठरवतो. तो वाढवला तर काही आठवडे डिस्क वाचेल आणि मग लेसर कायमचा जाईल. कारखान्यात बसवलेली ती जागा हलवू नका, लेसर बदला.

इथे खरा मुद्दा येतो: कोणता लेसर आहे त्यावर प्लेअरचं उरलेलं आयुष्य ठरतं. सोनीचा केएसएस-२१३ आणि त्याची भावंडं, सान्योचा एसएफ-पी१०१एन, फिलिप्सचा व्हॅम-१२०२ हे असंख्य कंपन्यांच्या प्लेअरमध्ये गेले आणि त्यांचे पर्यायी भाग आजही बनतात. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी करताना प्लेअरचं मॉडेल सांगू नका, पिकअपवरचा क्रमांक आणि पट्टीच्या केबलच्या पिना मोजून सांगा. एकाच क्रमांकात पंधरा आणि सोळा पिनांचे वेगवेगळे प्रकार येतात. नव्या पिकअपवर स्थिर विजेपासून बचावासाठी सोल्डरचा एक थेंब टाकून दोन बिंदू जोडलेले असतात. पट्टीची केबल बसवल्यानंतर तो थेंब काढावा लागतो. तो तसाच राहिला तर नवाकोरा लेसरही पेटत नाही आणि लोक भाग खोटा निघाला म्हणून परत करायला जातात.

जुना प्लेअर पुन्हा जिवंत झाला आणि त्याला डिजिटल आउटपुट असेल, तर प्रश्न तिथेच मिटला. नसेल तर पुढे.

नव्यातले पर्याय दोन प्रकारचे. खास ट्रान्सपोर्टमध्ये केंब्रिज ऑडिओ सीएक्ससी आणि ऑडिओलॅब ६०००सीडीटी ही दोन नावं सर्वात जास्त घेतली जातात. दोन्हींना कोएक्शियल आणि ऑप्टिकल आउटपुट आहे. सीएक्ससीला ट्रे आहे, तर ६०००सीडीटी स्लॉटमधून डिस्क आत घेतो आणि वाचलेला डेटा आधी साठवून मग पुढे पाठवतो. दोन्ही चांगली यंत्रं आहेत, पण आयात शुल्क धरून ती चाळीस हजारांत नवी बसतील असं गृहीत धरू नका. तुमच्या संग्रहाकडे बघून मी तरी ट्रेवालंच यंत्र सुचवेन. घरी बर्न केलेल्या सीडींवर कागदी लेबलं चिकटवलेली असतील तर स्लॉट धोक्याचा: दमट हवेत लेबलाची कड सुटते, डिस्क आत अडकते आणि झाकण उघडण्याशिवाय मार्ग राहत नाही. आठ सेंटिमीटरच्या लहान डिस्कही स्लॉटमध्ये घालू नयेत.

दुसरा प्रकार म्हणजे साधा सीडी प्लेअर. यामाहा सीडी-एस३०३, मरँट्झ सीडी६००७ आणि नॅड सी ५३८ यांना कोएक्शियल आणि ऑप्टिकल दोन्ही आहेत. रोटेल सीडी११ ला फक्त कोएक्शियल, डेनॉन डीसीडी-६००एनईला फक्त ऑप्टिकल. यातला डॅक तुम्ही वापरणार नाही म्हणून पैसे वाया गेले असं मनाला लागतं, पण हे प्लेअर जास्त संख्येने विकले जातात, त्यामुळे किंमत आटोक्यात राहते आणि दुरुस्तीची साखळीही जास्त जिवंत असते. शिवाय उद्या डॅक बिघडला तर घर शांत होत नाही. तुमच्या बजेटमध्ये मी इथूनच सुरुवात करेन, आणि यामाहा किंवा नॅडचा भाव आधी विचारेन. अधिकृत वितरकाचं बिल घ्या. परदेशातून परस्पर आलेल्या मालाला इथे वॉरंटी मिळत नाही आणि सीडी यंत्रणेत बिघाड व्हायचा तो बऱ्याचदा पहिल्या वर्षातच कळतो.

घरी आणल्यावर आवाजच आला नाही तर घाबरू नका. काही प्लेअरमध्ये ‘प्युअर डायरेक्ट’ चालू केलं की डिजिटल आउटपुट बंद होतं, आणि काहींत मेनूमध्ये ते वेगळं चालू करावं लागतं. बर्न केलेल्या डिस्कमध्ये एमपीथ्री फाइली असतील तर खास ट्रान्सपोर्ट त्या वाचतीलच असं नाही. ‘पन्नास सदाबहार गाणी’ छापाच्या डिस्क बहुधा त्याच प्रकारच्या असतात, त्या दुकानातच लावून बघा. सुपर ऑडिओ सीडी असतील तर त्यांचा फक्त सीडीचा थर वाजेल, तोही डिस्क हायब्रिड (दोन्ही थर असलेली) असेल तरच.

वापरलेला माल घ्यायचा असेल तर जास्त सावध राहा, कारण फसगत तिथे होते. १९८० च्या दशकातले फिलिप्सच्या झुलत्या भुजेच्या यंत्रणेचे प्लेअर सुंदर आहेत, पण त्यांना भाव मिळतो तो मुख्यतः आतल्या टीडीए१५४१ डॅक चिपसाठी. तुम्ही तो डॅक वापरणारच नाही, आणि त्या यंत्रणेचे नवे भाग बनत नाहीत. ट्रान्सपोर्ट म्हणून त्यात पैसे घालणं मला पटत नाही. जपानमधून आलेला सेट असेल तर मागे १०० व्होल्ट लिहिलंय का ते वाचा. बाजारात सहज मिळणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर ११० व्होल्टचा असतो. त्यावर १०० व्होल्टचा सेट चालतो, पण आतला रेग्युलेटर जास्त तापतो आणि कपॅसिटर लवकर जातात. नेमका १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बनवून घ्या, किंवा तो सेट सोडून द्या.

बघायला जाताना चार डिस्क न्या: सत्तर मिनिटांहून लांब अशी एक छापील, एक ओरखडे पडलेली, एक बर्न केलेली, आणि एक मैफलीची, जिच्यात विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथे ट्रॅक बदलतो पण आवाज तुटत नाही. सोबत लहान डॅक, हेडफोन आणि कोएक्शियल केबल. थंड प्लेअरने डिस्क टाकल्यावर साधारण दहा सेकंदांच्या आत एकूण वेळ दाखवावा. लांब डिस्कच्या शेवटच्या ट्रॅकवर उडी मारा, लगेच परत पहिल्यावर या. ओरखड्याची डिस्क पूर्ण ऐका. मग प्लेअर तासभर चालू ठेवा आणि बर्न केलेली डिस्क पुन्हा लावा, कारण थकलेला लेसर थंडीत वाचतो आणि तापल्यावर नकार देतो. विकणाऱ्याकडे तासभर वेळ नसेल तर माझा सल्ला सरळ आहे: घेऊ नका. ऑप्टिकल सॉकेटमध्ये लाल प्रकाश दिसला म्हणजे आउटपुट चांगलं असं नाही, डॅकने सिग्नल पकडल्याचं दिवा किंवा आकडा दाखवायला हवा. घरी आणताना आतली डिस्क काढा आणि खालच्या बाजूला वाहतुकीचा स्क्रू असेल तर तो घट्ट करा. घरी पोहोचल्यावर प्लेअर लावण्याआधी तो सोडायला विसरू नका.

डीव्हीडी प्लेअरबद्दल. मागे कोएक्शियल असेल तर आज संध्याकाळीच जोडून बघा, फुकटात चालतंय. सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर (साध्या, न दाबलेल्या सिग्नलवर) ठेवा. इक्वलायझर, थ्रीडी साउंड, डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन सगळं बंद करा. रिमोटच्या आवाजाच्या बटणाने डिजिटल सिग्नलही कमी होत असेल तर आवाज पूर्ण वर ठेवा. अडचण दुसरी आहे. यातले बरेच प्लेअर ट्रॅक बदलताना क्षणभर आउटपुट बंद करतात. भावगीतात ते कळतही नाही, पण आलापातून बंदिशीत जाताना तानपुऱ्याचा सूर मध्येच कापला की ऐकण्याचा रसच जातो. शिवाय काहींत टीव्ही चालू केल्याशिवाय ट्रॅक निवडणं अवघड जातं. यात डीव्हीडी आणि सीडीसाठी वेगवेगळे लेसर डायोड असतात, म्हणून सिनेमा नीट चालतो पण सीडी वाचत नाही, असं होऊ शकतं.

ट्रान्सपोर्ट आकडे जसेच्या तसे देतोय का, हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. कोणाकडे डीटीएस (सिनेमाच्या अनेक चॅनेलच्या आवाजाचं एक स्वरूप) वाचणारा एव्ही रिसीव्हर असेल तर डीटीएस सीडी लावा. रिसीव्हरने डीटीएस दाखवलं तर एकही बिट वाटेत बदललं जात नाही. बदललं असेल तर फक्त खरखर येते. ही डिस्क साध्या डॅकवर लावू नका, ती खरखर पूर्ण जोरात येते आणि स्पीकरमधला ट्विटर (उंच स्वरांचा भाग) जाऊ शकतो.

केबलवर फार खर्च नको. जुन्या टीव्हीसोबत यायची ती पिवळी व्हिडिओ केबल ७५ ओहमची असते आणि या कामाला योग्य असते. लाल-पांढरी ऑडिओ केबल बहुधा चालते, पण ती ७५ ओहमची नसते, त्यामुळे कधी सिग्नल अडखळतो. सीसीटीव्हीवाल्यांकडची आरजी-५९ केबल आणि बरे आरसीए प्लग घेऊन दीड मीटरची केबल घरी बनवता येते. अॅम्प्लिफायरला सेट टॉप बॉक्सही जोडलेला असेल आणि भणभण येत असेल तर ऑप्टिकल वापरा. त्यात तांब्याचा संबंधच नसल्यामुळे अर्थ लूप (यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा, भणभण आणणारा प्रवाह) तुटतो. ऑप्टिकल केबल कपाटामागे काटकोनात दाबू नका.

जुन्या इमारतीत राहत असाल तर इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंग आधी नीट करून घ्या, मग यंत्रांकडे बघा. ट्रान्सपोर्टला स्टॅबिलायझर लागत नाही, पण बरा सर्ज प्रोटेक्टर असावा.

क्वचित एखादी डिस्क अकारण कर्कश वाजते. १९८० च्या दशकातल्या काही डिस्क, विशेषतः जपानी, उंच स्वर मुद्दाम वाढवून रेकॉर्ड केलेल्या असतात आणि प्लेअरने ते परत खाली आणायचे असतात. ट्रान्सपोर्ट तशी खूण पुढे पाठवतो, पण आजचे अनेक डॅक ती वाचत नाहीत. अशी डिस्क सीडी प्लेअरच्या अॅनालॉग आउटपुटमधून ऐका, बहुधा नीट वाजेल. साधा प्लेअर घेण्याचं हे आणखी एक छोटं कारण.

पावसाळ्यात खाडीकाठच्या हवेत, मग ते कोलशेत असो की ऐरोली-वाशी, बंद कपाटातल्या प्लेअरच्या भिंगेवर आणि सीडीच्या पुस्तिकांवर बुरशी धरते. आठवड्यातून एकदा तरी तासभर प्लेअर चालवा, आतली ऊब ओल घालवते. कपाटाला मागून हवा लागेल अशी फट ठेवा आणि सीडींच्या खणात सिलिका जेलच्या पिशव्या. त्या जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात, पण स्वयंपाकाचा तवा त्यासाठी घेऊ नका. ज्या मैफलींच्या सीडी आता बाजारात मिळत नाहीत, त्या यंत्र कोणतंही घेतलं तरी यूएसबी ड्राइव्ह आणि एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रॅमने फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गमावणाऱ्या फाइलमध्ये) उतरवून ठेवा. त्यातली अॅक्युरेटरिप तपासणी तुमची प्रत इतरांच्या प्रतींशी जुळते का ते सांगते. ज्या डिस्कची तिथे नोंदच नाही, ती दोनदा उतरवा आणि दोन्ही वेळचा सीआरसी (प्रतीवरून काढलेला तपासणीचा आकडा) सारखा आला तरच प्रत पक्की धरा.